आमच्या घरचा दरबार

आमच्या घरी महिन्यातून एकदा दरबार भरतो. हसू नका, खरंच भरतो. पलटणीत कमांडिंग ऑफिसर साहेब सगळ्या जवानांना एकत्र बसवून बोलतात, त्याला दरबार म्हणतात. आधी साहेब सूचना देतात, मग विचारतात, "कोई पॉइंट?" म्हणजे कुणाची काही अडचण, तक्रार, मागणी असेल तर त्यानं उभं राहून सांगायची. सांगितलं म्हणून त्याच्यावर राग धरायचा नाही, हा दरबाराचा कायदा. ज्या पॉइंटचं उत्तर लगेच देता येत नाही त्याला "नोट किया, जवाब मिलेगा" म्हणायचं आणि पुढच्या दरबारात ते द्यायचं, हाही कायदाच. प्रत्यक्षात काय होतं ते मी माझ्या नवऱ्याच्याच तोंडून ऐकलंय. साहेब विचारतात आणि अख्खी पलटण मूग गिळून बसते.

आमचे हे सुभेदार. नोकरीचा निम्मा काळ सीमेवर नाहीतर बर्फात गेला. मी आणि पोरगी कधी साताऱ्याकडे गावी, कधी कुठल्या तरी छावणीच्या क्वार्टरमध्ये. जयपूरला बदली झाली तेव्हा बऱ्याच वर्षांनी आम्ही तिघं सलग एका छपराखाली आलो, आणि यांना कळेना की वयात आलेल्या मुलीशी आणि तोंडाळ बायकोशी बोलायचं कसं. मग जी रीत ठाऊक होती तीच यांनी घरी आणली. महिन्याचा पहिला रविवार, नाश्ता झाला की हे खुर्चीत आणि आम्ही दोघी समोर दिवाणावर. सिलिंडर कधी लावायचा, कॅन्टीनमधून काय आणायचं, कूलरची खस बदलायची की नाही, गावाकडं कुणाचं लग्न आहे, असल्या सूचना व्हायच्या. आणि शेवटी, जन्मभर माणदेशी मराठी बोलणारा हा माणूस एकदम हिंदीत शिरायचा, "कोई पॉइंट?"

मी म्हणायची, "राजा एक, प्रजा दोन. कसला डोंबलाचा पॉइंट!" पोरगी हसून म्हणायची, "नो पॉइंट, साहेब." की दरबार बरखास्त.

पोरगी तेव्हा अकरावीत होती. इथं आल्यावर आठवडाभरात तिनं नवीनच खूळ काढलं. हे पहाटे पळायला निघायचे तर ही बूट बांधून दारात हजर. मला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. शाळेसाठी चार हाका मारल्याशिवाय पांघरूण न सोडणारी ही पोरगी! पण रोज जायला लागली. जयपूरच्या थंडीत तोंडातून वाफ निघतेय, उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत अंग चटके खातंय, हिला काही फरक नाही. कुंपणाच्या भिंतीवर मोर ओरडत असायचे आणि हे दोघं घामानं थबथबलेले, काहीबाही बोलत, हसत परत यायचे. सुट्टी असली की स्कूटरवरून झालानाकडे जायचे. तिथल्या ऑफिसांचे रस्ते त्या दिवशी मोकळे असतात आणि जंगल अगदी लगत. मी ओरडायची, "अहो, बिबटे आहेत तिथं!" तर हे म्हणायचे, "बरंय की, पोरीचा स्पीड वाढेल."

एवढं काय बोलायचे कोण जाणे. माझ्याशी हा माणूस "डबा झाला का" आणि "बरं" यापलीकडे जात नाही. घरात दोन फौजी झाले आणि माझा झाला लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, असं मी शेजारणींना सांगायची.

सगळा घोळ इथंच झाला. दुसऱ्या कुठल्या घरातली मुलगी पहाटे पळायला लागली तर लोक म्हणतील वजन कमी करतेय. आमच्या क्वार्टरांत पहाटे पळणाऱ्या पोराचा अर्थ एकच निघतो. पहिल्यांदा समोरच्या भाभींनी विचारलं, "बिटिया भर्ती की तैयारी कर रही है?" मी हसले. हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून यांनी पळण्याची वेळ मोजायला सुरुवात केली. मुली आता अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलिसात जातात, सोळाशे मीटर पळायचं असतं, लांब उडी, उंच उडी, सगळी माहिती काढून झाली. पोरीला एकदा विचारलंही, "करायचं का?" ती म्हणाली, "बघू ना, पप्पा." आता 'बघू'चा अर्थ काय घ्यायचा तो ज्याचा त्यानं घ्यावा. यांनी हो घेतला.

मग अर्ज झाला. वैशाली नगरला क्लास लावला, बारावीचा अभ्यास सांभाळून बसनं ये-जा सुरू झाली. लेखी परीक्षा दिली आणि बया पासही झाली. यांनी मावा कचोऱ्या नेऊन पलटणभर वाटल्या. ज्याला त्याला सांगून झालं की आमची मुलगी वर्दी घालणार.

मला विचाराल तर मला कॉलेज हवं होतं. फौजेच्या घरात एवढी वर्षं काढलेल्या बाईला त्या वर्दीचं कौतुकही असतं आणि तिचा कंटाळाही असतो. शिवाय बारावीनंतर पोरीनं स्वतःहून इथल्या एका मुलींच्या कॉलेजात मानसशास्त्राला अर्ज केला होता आणि नंबर लागला होता, हॉस्टेलसकट. हे म्हणाले, "राहू दे, रिझर्व्ह म्हणून." पण सकाळी पळून आल्यावर पोरीचं तोंड असं फुललेलं असायचं की माझी जीभ उचलायची नाही. हिला हेच आवडतंय तर आपण कशाला मध्ये बिब्बा घाला, असं म्हणून मी गप्प बसले.

भरतीची रॅली, म्हणजे पळण्या-उड्यांची मैदानी परीक्षा, आणि कॉलेज सुरू व्हायची तारीख नेमकी मागेपुढे आली. रॅलीत पास झाली की ट्रेनिंगला जायचं आणि कॉलेजची जागा सोडायची. आणि पास होणार यात शंका नव्हती. ग्राउंडवर सरावाला येणारी दांडगी पोरंसुद्धा हिच्या मागं राहायची. म्हणजे एकदा का ती रॅलीत पळाली की पुढचं सगळं ठरलं. पास झालेल्या पोरीला नंतर "नको" म्हणू देणारं आमच्यात कुणी नाही.

यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं, हेही सांगते. बदलीची वेळ झाली होती. "आपण इथनं कधीही हलू," हे म्हणायचे. "कॉलेजला ठेवली तर परक्या मुलखात एकटी राहील. फौजेत गेली तर फौज सांभाळती. मी शिपाई म्हणून शिरलो, आज सुभेदार हाय. आत शिरायचं, मग वर चढायचं. ऑफिसरची परीक्षापण आतून देता येती."

मी म्हणायची, "आणि चार वर्षांनी ठेवलंच नाही तर? थोड्यांनाच तर कायम करतात."

"मग कॉलेज करंल की."

"एवढी घोडी झाल्यावर फर्स्ट इयरला?"

"शिकायला कसली लाज?"

त्यांचंही पटायचं आणि माझंही मला पटायचं. ती मात्र खाली मान घालून जेवत असायची, आणि ज्या पोरीचा हा सगळा संसार आम्ही मांडत होतो तिला आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

रॅलीच्या आधीचा दरबार भरला. हे खूष होते. गाडी कुठली, उतरायचं कुठं, बूट नवे घालायचे नाहीत, पहिल्या चकरीला कुणी पुढे गेलं तरी जाऊ द्यायचं, शेवटच्या वळणावरून सोडायचं स्वतःला, असं सगळं सांगून झालं. मग विचारलं, "कोई पॉइंट?"

मी उठून निम्मी स्वयंपाकघरात पोचले होते.

"पॉइंट है, साहब."

मी वळून बघितलं. पोरगी उभी होती. यांनी शिकवलेल्या सावधानमध्ये, टाचा जुळवून. यांना वाटलं बुटांबद्दल काही असेल. म्हणाले, "हां, बोलो."

"मला रॅलीला नाही जायचं. मला कॉलेजला जायचंय."

हे हिंदी सोडायला तयार नव्हते. "कारण बताओ."

"पप्पा, मी किती शाळा बदलल्या! एखादी मैत्रीण झाली की दारात सामानाचा ट्रक उभा. कुणी विचारलं तू कुठली, तर मी म्हणते आर्मीची. मतलब, कुठल्या गावाचं नावच येत नाही तोंडात. मला एकदा एका जागी राहायचंय. मला कुणी हलवायचं नाही, मीच ठरवणार कधी निघायचं. फौज नको असं नाही म्हणत मी. कॉलेज झाल्यावर कदाचित मीच ऑफिसरची परीक्षा देईन. पण ते मला हवं म्हणून. आत्ता गेले तर पोस्टिंग आली म्हणून निघाल्यासारखंच होईल ना ते."

एवढं सलग मराठी ती आयुष्यात कधी बोलली नसेल. हे खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते. आता हिंदी सुटली. "मग एवढी दोन वर्षं पळलीस कशापायी?"

"तुम्ही होता म्हणून."

"म्हंजी?"

"लहानपणी तुम्ही सुट्टीवर यायचे आणि जायचे. आले की पाहुणे, शेती, घराची कामं. इथं आल्यावर पहिल्यांदा रोज सकाळी तासभर तुम्ही फक्त माझे होता. तुम्ही पळत होता म्हणून मी पळले. तुम्ही सकाळी उठून विटा वाहिल्या असत्या तर मी विटा वाहिल्या असत्या." तिचा आवाज चिरकला. "मी सांगणार होते, पण मग तुम्ही सगळ्यांना कचोऱ्या वाटल्या."

मला रडू आवरेना. मी आई, चोवीस तास घरात, आणि मलाही त्या फुललेल्या तोंडाचं कारण कळलं नव्हतं. तिला बूट आवडत नव्हते, ग्राउंड आवडत नव्हतं, बाप आवडत होता.

हे खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "नोट किया. जवाब मिलेगा." टॉवेल खांद्यावर टाकला आणि भर उन्हात बाहेर निघून गेले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुसऱ्या दिवशी पोरगी बूट बांधून दारात गेली तर हे आधीच एकटे निघून गेले होते. ती पायरीवर बसून राहिली, मग आत येऊन बूट काढले आणि तोंड फिरवून झोपली. माझं डोकंच फिरलं. हे आले तशी मी तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाहेर आले.

"काय चाललंय हे? दरबारात बोललं तर राग धरायचा नाही हा कायदा कुणाचा?"

"राग कुठं धरलाय?"

"मग काय धरलंय? लेकरू दारात बसून रडलं!"

"अगं, सगळ्या पलटणीला सांगून बसलोय. काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखवा. दुसरं कुठनं आणणार?"

एरवी हे हसले असते. त्या दिवशी खाली बसले आणि मोजे काढायला लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटत हुतं मी पोरीला कायतरी देतोय. दोन वर्षं वाटत हुतं. आन् ती मलाच देत हुती." मोजा बाजूला टाकून म्हणाले, "आन् खरं सांगू? हिला हितं एकटी टाकून जायचं माझ्यानं हुणार न्हाई. फौजेत गेली असती तर नात्यातल्या घरात दिल्यासारखं झालं असतं. माझीच माणसं."

"द्यायची नाहीये तिला कुठं," मी म्हटलं. "शिकायला ठेवायची आहे." पण माझाही आवाज नेहमीसारखा चढला नाही, कारण भीती मलाही तीच होती. भाकरीचा मात्र तोपर्यंत कोळसा झाला होता.

दोन दिवसांनी हे इस्त्रीचा शर्ट घालून, न सांगता स्कूटर काढून गेले. दुपारी आले ते उन्हानं तांबडे होऊन. कुठं गेला होता विचारलं तर म्हणाले, "रेकी." शत्रूच्या मुलखात जायच्या आधी फौज जशी गुपचूप पाहणी करते तशी यांनी त्या कॉलेजची आणि हॉस्टेलची पाहणी केली होती. पाण्याचा घोट घेऊन रिपोर्ट सुरू झाला. भिंत उंच आहे, वर काचा लावल्यात. पाण्याच्या टाकीला झाकण आहे. समोर बसस्टॉप, बाजूला औषधाचं दुकान. मैदान आहे, पण गवत वाढलंय, कुणीतरी कापायला पाहिजे. आणि वॉर्डनबाईंनी यांना गेटवरच अडवलं होतं.

"ओळखपत्र दाखवलं, तरीपण सोडलं न्हाई! म्हटलं, बाप हाय मी मुलीचा. तर म्हणती, बाप असलात तरी बाहेर." आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "सिक्युरिटी एक नंबर."

मी म्हटलं, "जा मग, सांगा तिला."

"दरबारात."

"अहो, पोरगी दोन घास नीट खात नाहीये!"

"पॉइंट दरबारात आला, जवाब दरबारात मिळंल."

"आणि पुढचा दरबार महिन्यानं! तोवर रॅली होऊन जाईल आणि कॉलेजही सुरू होईल. धन्य आहे तुमची!"

यावर यांनी विचार केला आणि जाहीर केलं की उद्या सकाळी स्पेशल दरबार भरेल. रॅलीची गाडी परवाची होती. मी त्या दिवशी पोरीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी मला कोर्टमार्शल केलं असतं.

सकाळी हे दाढी करून, भांग पाडून खुर्चीत बसले. पोरगी दिवाणावर, डोळे सुजलेले, हात मांडीखाली घातलेले. तिला वाटत होतं हुकूम येणार, रॅलीला जायचं. ती मला आदल्या दिवशी म्हणाली होती, "पप्पांनी ऑर्डर दिली तर जाईन मी, आई. पण मग सकाळचं ते सगळं संपेल गं आमच्यातलं."

"पिछले दरबार का पॉइंट," हे म्हणाले. "जवाब. कॉलेज मंजूर. हॉस्टेल मंजूर. तीन साल एक ही जगह, कोई नहीं हिलाएगा. उसके आगे फौज या कुछ और, फैसला खुद का. रॅली कॅन्सल."

पोरगी एकदम उठली. यांनी हात वर करून तिला थांबवलं. स्वतः खुर्चीतून उठले आणि तिचं मनगट धरून तिला त्या खुर्चीत बसवलं.

"पप्पा, काय करताय?"

"बस म्हटलं ना."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. हे तिच्या समोर जाऊन उभे राहिले, ती उभी होती तिथंच, टाचा जुळवून, हात सरळ. "विचार," म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. माझ्याकडे बघितलं. मलाही कळलं नव्हतं. मग तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "कोई पॉइंट?"

"पॉइंट है, साहब." एवढं हिंदीत झालं आणि पुढं यांची हिंदी पुरेना. "बदली आली की मी आन् तुझी आई जाणार. तिकडंबी पहाट हुणार, मला जाग येणार. एवढी वर्षं मी एकटाच पळत आलो, कधी काय वाटलं न्हाई. आता वाटणार. त्याचं काय करायचं ते सांगा."

सबंध नोकरीत ज्या माणसानं कुठल्याच दरबारात कधी पॉइंट मांडला नव्हता, तो हा. मला त्यांच्याकडे बघवेना आणि दुसरीकडे कुठं बघावं तेही सुचेना.

कायद्यानं पोरीनं "नोट किया" म्हणायला हवं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती.

"मला नाही माहीत, पप्पा," ती म्हणाली.

"मलापण न्हाई," हे म्हणाले. "पण सांगून ठेवलं."